काइसेकी: शब्द एक की दोन?

प्रवासी: तोक्योच्या गिन्झा भागात पारंपरिक जपानी जेवणाची जागा शोधत होतो. इथली हॉटेलं एकावर एक मजल्यांवर. एकाच इमारतीत दोन पाट्या, अक्षरं वेगळी, पण दोन्हींचा उच्चार काइसेकीच! शब्द एकच आहे का? आणि मराठीत याला 'पंगत' म्हटलं तर चालेल?

अनुवादक: शब्द दोन आहेत. एकाची अक्षरं 'कूस' आणि 'दगड'. झेन भिक्षू भूक दाबायला तापवलेला दगड कपड्यांच्या आत पोटाशी धरत, अशी व्युत्पत्ती सांगतात. आपण पोटाला चिमटा घेतो, ते दगड घेत! हे चहाविधीतलं माफक जेवण, चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू (1522–1591) यांच्या परंपरेतलं: भात, एक सूप, तीन पदार्थ. दुसऱ्याची अक्षरं 'सभा' आणि 'बैठक'. ते कवितेच्या बैठकींतून आलं आणि साके या तांदळाच्या दारूबरोबरची मेजवानी झालं. खरी खूण भाताची. चहाच्या जेवणात भात नि सूप सुरुवातीलाच येतात. मेजवानीत भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, लोणचं अगदी शेवटी.

शंकासुर: म्हणजे एकात पहिला भात, दुसऱ्यात मागचा भात. आपल्याकडे शब्द तयार आहेत की!

अनुवादक: अहो, खरंच! मी इतके दिवस 'शेवटी येणारा भाताचा पदार्थ' असं लांबण लावत होतो. 'पंगत' मात्र नको. पंगतीत पान वाढून झाल्यावर जेवण सुरू होतं, वर आग्रह. इथे एक वाडगा उचलला की दुसरा येतो. 'ताट'ही त्याच कारणानं बाद. मी 'काइसेकी' तसाच ठेवतो.

शंकासुर: आणि 'कैसेकी' लिहू नका, हिंदी प्रश्न वाटतो. बरं, त्यातलं 'हास्सुन' म्हणजे काय?

अनुवादक: 'आठ सुन'. सुन म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर. आठ सुन बाजूच्या चौकोनी तबकात हंगामी चवीचे नग मांडतात, आणि मापाचं नावच त्या वाढणीला पडलं. आपल्याकडे 'नवटाक' म्हटल्यावर माप कोण आठवतो?

प्रवासी: मग पाटी वाचून आत शिरावं का?

अनुवादक: नुसत्या अक्षरांवर जाऊ नका. बरीच भारी ठिकाणं दगडवाली अक्षरं लिहितात आणि मेजवानी वाढतात; साधेपणाचा मान हवा, साधेपणा नको. 'काप्पो' दिसलं तर बहुधा आचाऱ्यासमोरच्या फळीशी बसायचं. तो शब्द 'कापणे' आणि 'शिजवणे' या अक्षरांचा आहे, पण मराठी 'काप'शी सोयरीक जुळवू नका, निव्वळ योगायोग! शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच सांगा. नुसतं 'मासे नकोत' पुरत नाही, कारण सुपाच्या दाशीत, म्हणजे मूळ रश्श्यात, बहुधा सुकवलेला बोनितो मासा असतो. 'शोजिन', म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण, हा शब्द वापरा.

प्रवासी: दुपारचं आरक्षण केलंय, रात्रीचा दर झेपेना. मागचा भात कशाबरोबर येतो ते येऊन लिहितो.