मदत हवी आहे: किल्ली अडकते आणि किल्ली काढल्यावरही टिंगटिंग चालूच

2011 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअर, किल्लीत चिपवालं इमोबिलायझर (चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही). महिनाभर किल्ली लॉक आणि एसीसीच्या (इंजिन बंद ठेवून रेडिओ वगैरे चालतो ती जागा) मधे अडकते, स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवत फिरवली की मगच फिरते. त्यात आता किल्ली काढून ड्रायव्हरचं दार उघडलं की किल्ली आतच असल्यासारखी टिंगटिंग वाजत राहते, दार लावलं की बंद. हेडलाइट बंदच असतात, तपासलं. स्पेअर किल्लीनेही तेच, ग्रॅफाइट पावडर टाकली तर दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तसंच. तेलाचा स्प्रे मुद्दाम नाही मारला, धूळ चिकटते म्हणून. मेकॅनिक म्हणतो पूर्ण इग्निशन लॉक (गाडी सुरू करायचं कुलूप) बदला, पण मग दारांना वेगळी किल्ली होईल ना? किल्ली ओळखणारा छोटा स्विच आणि कुलपातला किल्लीबरोबर फिरणारा सिलिंडर एवढंच बदलून, जुनीच किल्ली ठेवून, कोणी काम केलंय का?