दुकानातला फुकट नंबर आणि लहान मुलं
चष्म्याच्या दुकानात मशीनवर फुकट नंबर काढून मिळतो, मग डॉक्टरकडे कशाला, असा प्रश्न आलाय. मोठ्यांचं एकवेळ चालेल, मुलांचं नाही. मशीनमध्ये बघताना मुलं डोळ्यांवर नकळत ताण देतात आणि मायनस नंबर जास्त येऊ शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ थेंब घालून, हा ताण सैल करून आणि बाहुली मोठी करून तपासतात. (नंतर जवळचं बराच वेळ धूसर दिसतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी नेऊ नका!) शिवाय एकच डोळा आळशी असेल, म्हणजे त्याची नजर नीट वाढलेली नसेल, तर मूल तक्रारच करत नाही, दुसऱ्यावर त्याचं भागतं. उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झालेले बरे. आणि मोठ्यांचं ‘चालेल’ म्हटलं ते फक्त नंबरापुरतं. घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि मागची नस तज्ज्ञांकडूनच तपासून घ्या.