मदत हवी आहे: तपासणीत दिसलेली शाळेची प्रगती शेऱ्यात आणि गावापुढे कशी आणायची?

नमस्कार मंडळी,

कोयना खोऱ्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. माझी मुलगी तिथेच तिसरीत शिकते. शाळा चौथीपर्यंत, द्विशिक्षकी, पट २३. इथे शिक्षक आणि निवृत्त अधिकारी बरेच आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

मागच्या तपासणीत शेरेपुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की बहुतेक मुलांचं वाचन इयत्तेच्या मागे आहे. शेरा खरा होता. एक जागा वर्षभर रिकामी, चारही वर्ग एकट्या गुरुजींच्या गळ्यात. जूनमध्ये बदलीनं नवीन बाई आल्या आणि दोघांनी मिळून वाचन हातात घेतलं. पहिला तास फक्त वाचनाचा ठेवला. त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवायची आणि ज्याची जी पातळी त्या गटात बसवायचं: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. चौथीतला एक मुलगा शब्दांच्या गटात बसायला लाजायचा. बाईंनी त्याला त्याच गटातल्या लहानांना पाट्या वाटायचं काम दिलं, तसा तो तिथे रमला. दिवाळीपर्यंत तो उताऱ्याच्या गटात गेला होता.

यंदा तपासणीला साहेब आले तेव्हा समितीलाही बोलावलं होतं. त्यांनी न शिकवलेल्या पुस्तकाचं पान उघडून दुसरीतल्या एका मुलीपुढे धरलं. तिनं ओळीखाली बोट ठेवून वाचलं, एका जोडाक्षराला अडली, परत मागे जाऊन नीट वाचलं. मग साहेबांनी पुस्तक मिटून विचारलं, काय झालं गोष्टीत? तिनं गोष्ट तर सांगितलीच, वर त्यातल्या म्हातारीनं शेळी का विकायला नको होती तेही सांगितलं. साहेब खूश झाले, बाईंचं तोंडभरून कौतुक केलं.

शेऱ्यात मात्र आलं एवढंच: "वाचन समाधानकारक. अभिलेखे अद्ययावत ठेवावेत. परसबाग विकसित करावी."

अभिलेखे ठेवायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण मागच्या शेऱ्यातली उणीव भरून निघाली हे कुठेच नोंदलं गेलं नाही, याचं फार वाईट वाटतं. शाळा सिद्धी, म्हणजे शाळेनं स्वतःला जोखायचा राष्ट्रीय कार्यक्रम, त्याच्या स्वयंमूल्यमापनातही तेच झालं. त्यात ७ क्षेत्रं, ४६ मानकं होती. आमची वर्गखोली गळते, कुंपण नाही, त्यामुळे संसाधनांत आम्ही मागे. आमचं बळ आहे ते अध्यापनात, मुलांच्या प्रगतीत आणि गावाच्या सहभागात. सगळं एकत्र करून श्रेणी काढली की हे बळ दिसतच नाही.

घाई पटामुळे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून मोठ्या समूह शाळा करण्याचा विषय निघाला, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली, तेव्हापासून वाडीत धाकधूक आहे. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी आता फाट्यापर्यंत येते. तीन-चार घरं पुढच्या जूनचा विचार करताहेत. त्यांना नुसतं "आपली शाळा सुधारली" म्हणून भागणार नाही, दाखवावं लागेल.

तर विचारायचं असं की, तपासणी अहवालाची प्रत समितीला मागता येते का? आणि मुलांची प्रगती पालकांना पटेल, पुढच्या तपासणीतही टिकेल अशी कशी मांडायची? आमच्याकडे गटांच्या वह्या आहेत, पण तारखा सगळीकडे नाहीत.

प्रतिसाद १ (निवृत्त केंद्रप्रमुख)

ताई, प्रत जरूर मागा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळेच्या कामकाजावर देखरेख हे समितीचं कामच आहे. मासिक सभेत तपासणीचा शेरा वाचून घ्या आणि त्यावर अनुपालन अहवाल, म्हणजे शेऱ्यावर काय केलं त्याचं लेखी उत्तर, करून वर पाठवा. बहुतेक शाळा फक्त उणिवांचं अनुपालन लिहितात. तुम्ही मागच्या तपासणीचा शेरा, त्यावर काय केलं आणि आज मुलं कुठे आहेत, हे तिन्ही लिहा. त्या अहवालाला जावक क्रमांक पडला की पुढच्या तपासणीला येणाऱ्यापुढे तो ठेवता येतो. गळक्या खोलीचा विषय कलम २२ च्या शाळा विकास आराखड्यात घाला, तो आराखडा समितीनंच करायचा असतो. साहेबांवर राग धरू नका, एका दिवसात किती शाळा उरकाव्या लागतात ते मी पाहिलंय.

प्रतिसाद २ (शिक्षिका, मराठवाडा)

टक्केवारी अजिबात काढू नका. वर्गात सहा मुलं असताना एक मूल गैरहजर राहिलं तरी आकडा कोसळतो. सरळ मुलं मोजा: जूनमध्ये गोष्ट वाचणारी किती, आता किती. आणि तीच मुलं धरा. मागच्या वर्षीची तिसरी आणि यंदाची तिसरी यांची तुलना करून काही कळत नाही. निपुण भारतची, म्हणजे केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाची, कसोटी सोबत लावा: तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. जिथे तारीख नाही तिथे मागाहून तारीख टाकू नका. आजपासून महिन्याची एक नोंद सुरू करा, तेवढी पुरते. मुलांची नावं फलकावर लावू नका, मागे राहिलेल्याला ते लागतं. पालकांसाठी एक शनिवार ठेवा, ज्यानं-त्यानं आपल्या मुलाला आधी न वाचलेलं पुस्तक द्यावं आणि ऐकावं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अनुपालनात बळाची बाजू लिहिता येते हे डोक्यातच आलं नव्हतं. येत्या सभेत शेरा वाचायला घेते. बाईंना शनिवारचं सांगितलं, त्या लगेच तयार झाल्या. एक शंका राहिली: दोन मुलं ऊसतोडीला आईबापांबरोबर जातात आणि मार्चनंतर परततात. त्यांची नोंद या मोजणीत कशी धरायची? कुणी हंगामी स्थलांतराच्या गावात काम केलं असेल तर कृपया सांगा.