गणवेश सुटल्यावर स्वतःची पेहरावाची शैली कशी शोधावी?

ऐरोलीकर:
नमस्कार. रबाळे येथील कारखान्यात देखभाल विभागात होतो तेव्हा कंपनीचा निळा गणवेश असे, त्यामुळे कामावर जाताना काय घालावे हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. आता ऐरोलीतच कार्यालयीन नोकरी मिळाली आहे आणि तेथे कपड्यांबाबत कोणतेही बंधन नाही. मॉलमधील पुतळ्याच्या अंगावर शोभणारा शर्ट मला घातल्यावर परका वाटतो. चालू फॅशनच्या मागे जाण्याची इच्छा नाही. आपले म्हणता येतील असे कपडे कसे ओळखावेत आणि सुरुवात रंगापासून करावी की कापडापासून, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझी उंची बेताची आहे आणि खांदे रुंद आहेत.

नौपाड्याची शिवणकर्ती:
दादा, माझ्या मते सुरुवात मापापासून करावी. तयार शर्ट घेताना खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी येते का, एवढे आधी पाहावे, कारण कंबर आत घेता येते, बाहीची लांबी कमी करता येते, पण खांदा बदलणे म्हणजे जवळजवळ शर्ट नव्याने शिवणेच होय. रुंद खांद्यांना बसणारा तयार शर्ट बहुधा पोटापाशी फुगतो. तुम्हाला तो परका वाटण्याचे कारण बहुतेक हेच असावे, आणि बाजूच्या शिवणी आत घेतल्या की बराच फरक पडतो. शर्ट बाहेर सोडणार असाल तर त्याची लांबी कमी ठेवावी, नाहीतर पाय आखूड दिसतात.

शिवून घेणार असाल तर कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, आधी विचारून घ्यावा. पन्हा 36 इंच असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण सव्वादोन ते अडीच मीटर लागते, 58 इंच असेल तर सुमारे 1.6 मीटर पुरते. सुती कापड बेतण्यापूर्वी भिजवून वाळवावे आणि शिंप्याला शिवणीच्या आत थोडी माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांगावे.

वाशीतील वाचक:
ताईंचे मापाबद्दलचे म्हणणे मान्य आहे, तरीही आपल्या हवेत कापडाला पहिला मान द्यावा असे मला मनापासून वाटते. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीतून ऑफिसला पोहोचेपर्यंत पॉलिएस्टरचा शर्ट पाठीला चिकटलेला असतो, कारण तो धागा घाम फारसा शोषत नाही. लिनन शोषतेही आणि लवकर वाळतेही, मात्र ते चुरगळणार हे स्वीकारूनच घ्यावे. पावसाळ्यात जाड डेनिम वाळता वाळत नाही, म्हणून त्या महिन्यांसाठी पातळ सुती पँट बरी. हातमाग आवडत असेल तर आंध्रातील मंगळगिरीचे सुती कापड पाहावे. त्याचा पोत साधा असूनही उठून दिसतो.

रंग मात्र दुकानातील दिव्याखाली ठरवू नये. कापड दाराशी नेऊन उजेडात चेहऱ्याजवळ धरावे. चेहरा उजळ वाटला तर घ्यावे, नजर आधी कापडाकडेच जात असेल तर ठेवून द्यावे.

ऐरोलीकर:
दोघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते: गणवेशामुळे निळ्याची इतकी सवय झाली आहे की तो मला खरोखर आवडतो की केवळ ओळखीचा आहे, हेच कळत नाही.

नौपाड्याची शिवणकर्ती:
सुट्टीच्या दिवशी कोणी सांगितले नसताना तुम्ही काय घालता, ते आठवून पाहा. धुऊन आले की पुन्हा तेच अंगावर चढते असे जे दोन-तीन कपडे असतील, त्यांचा गळा, बाही, सैलपणा आणि रंग यांत काय समान आहे ते लिहून काढा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी नमुन्यादाखल असाच एक आवडता शर्ट आणायला सांगते, कारण नुसत्या वर्णनापेक्षा त्यावरून मला कितीतरी जास्त कळते. त्यात निळा निघाला तर खुशाल ठेवा, फक्त गणवेशाच्या छटेऐवजी गडद नीळ किंवा राखाडी झाक असलेला निळा घ्या. आणि एकदम चार शर्ट शिवायला टाकू नका. आधी एकच शिवून घ्या, दोन-चार धुण्यांनंतर तो कसा बसतो ते पाहा, आणि मगच त्या मापावर पुढचे कापड बेतायला द्या.