‘गो फॉर ब्रोक’ला मराठीत काय म्हणाल?

मधली_सुट्टी:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी महिन्यातून एकदा जुना सिनेमा लावतो. खालच्या मराठी पाट्या मी टाइप करते, कारण अर्ध्यांना अमेरिकन उच्चार कळत नाहीत आणि उरलेल्यांना ऐकूच येत नाही. या खेपेला 1951 चा ‘गो फॉर ब्रोक!’ आहे. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेची 442 वी रेजिमेंट, शिपाई जपानी वंशाचे, वरचे अधिकारी बहुतेक गोरे. व्हॅन जॉन्सन टेक्सासचा लेफ्टनंट झालाय, तो आल्या आल्या नाक मुरडतो. शिपायांच्या कामांत त्या रेजिमेंटमध्ये खरंच लढून आलेले लोक आहेत.

माझं घोडं शीर्षकावरच अडलंय. ‘गो फॉर ब्रोक’ हे रेजिमेंटचं ब्रीद. मूळ हवाईतल्या फासे खेळणाऱ्यांची बोली: खिशात आहे नाही ते सगळं एका डावावर लावायचं. मी ‘सर्वस्व पणाला लावा’ लिहिलं. सासरे म्हणाले, हे बँकेच्या भिंतीवरचं वाक्य वाटतं. पोरगा म्हणाला, ‘होऊ दे खर्च’ लिही. दोघंही हसत सुटले आणि माझं काम तिथेच थांबलं. तुम्ही काय लिहाल?

अनुस्वार:
‘सर्वस्व पणाला’ अगदी योग्य आहे. ‘पण’ मुळात द्यूतातलाच शब्द, त्यामुळे फासेही आले आणि गांभीर्यही राहिलं. ‘होऊ दे खर्च’ ही वरातीपुढच्या फ्लेक्सवरची भाषा. शहीद झालेल्यांच्या डोक्यावर डीजे लावू नका.

माडाखाली:
अहो अनुस्वार, पण सर्वस्व पणाला लावणारा आपला सगळ्यात प्रसिद्ध माणूस हरला होता. शिपायांना युधिष्ठिराची आठवण कशाला करून द्यायची? ‘मेलो तरी बेहत्तर’ घ्या.

अनुस्वार:
बेहत्तर फारसी आहे.

माडाखाली:
फौज, शिपाई आणि शहीदही बाहेरूनच आलेत. त्यांनाही काढता का? शहीद तर तुम्हीच वर लिहिलंय.

नाना_वडूजकर:
मी मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त. ब्रीद वेगळं आणि युद्धघोष वेगळा, एवढं आधी ठरवा. आमचं ब्रीद ‘कर्तव्य, मान, साहस’. ते पाटीवर लिहायचं, सावकाश वाचायचं. चढाई करताना मात्र ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. ताई, तुमचं ‘सर्वस्व पणाला लावा’ एकदा चढावर धावत, ओरडून बघा. ‘पणाला’पर्यंत पोचायच्या आत गोळी लागेल.

जाता जाता, माझे आजोबा 1944 मध्ये इटलीतच होते. नाईक यशवंत घाडगे यांना टायबरच्या खोऱ्यात 10 जुलैला वीरमरण आलं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच महिन्यात ही 442 वाली पोरं पश्चिम किनाऱ्याकडे लिव्होर्नोच्या बाजूला लढत होती. आजोबा इटलीबद्दल दोनच गोष्टी सांगायचे. तिकडचा चिखल बूट सोडत नाही, आणि ऑलिव्हचं फळ दिसायला जांभळासारखं पण तोंडात घातलं तर थुंकावं लागतं.

एडिसनकर:
शीर्षक राहू द्या, मला दुसरीच शंका आहे. शिपायांची घरची माणसं ज्या ‘रिलोकेशन सेंटर’मध्ये होती, त्याला काय लिहिलंत?

मधली_सुट्टी:
‘पुनर्वसन केंद्र’. का हो?

एडिसनकर:
अरे देवा. माझं माहेर कोयनेच्या बुडीतातलं. ‘पुनर्वसन’ म्हणजे काय ते आमच्या आजीला विचारायला हवं होतं. सरकारी कागदावर जितका गोड शब्द तितका तुमचा गोठा लांब गेलेला असतो. त्यात इथे तर धरणही नव्हतं. 19 फेब्रुवारी 1942 चा रूझवेल्टचा हुकूम क्रमांक 9066, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची जपानी वंशाची जवळपास 1,20,000 माणसं एकेक बॅग घेऊन काटेरी तारांच्या आत. त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक! थेट ‘छळछावणी’ लिहा.

अनुस्वार:
अतिशयोक्ती. मराठीत ‘छळछावणी’ म्हटलं की वाचकाला ऑशविट्झचा धूर दिसतो. नेमका शब्द ‘स्थानबद्धता’.

एडिसनकर:
रूझवेल्टने स्वतः या जागांना ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’ म्हटलंय. त्याला चाललं, तुम्हाला चालत नाही? आणि ‘स्थानबद्ध’ म्हटलं की मला आणीबाणीत येरवड्यात पुस्तकं वाचत बसलेले पुढारी आठवतात. दोन वर्षांची पोर स्थानबद्ध कशी होईल?

बखरखोर:
आपल्याकडे झाली आहे की. 1962 च्या युद्धात आसाम, दार्जिलिंगकडची चिनी वंशाची कुटुंबं उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेली, लेकराबाळांसकट. त्याच देवळीत दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जपानी कुटुंबं ठेवली होती. त्याला मराठीत कोणी काय म्हटलं ते शोधा म्हणजे शब्द मिळेल. मला वाटतं कोणी काहीच म्हटलं नाही.

माडाखाली:
‘कोंडवाडा’ का नको? आमच्या ग्रामपंचायतीच्या मागे होता, मोकाट गुरं आणून कोंडायची आणि मालकाने दंड भरून सोडवायची. शाळेतून येताना एखादी गाय फटीतून थुंकीने भिजलेलं नाक बाहेर काढायची, आम्ही तिला फणसाची चारखंडं द्यायचो.

एडिसनकर:
माडाखाली, हे तुम्ही माहीत असून लिहिलंत की सहज? कारण सुरुवातीला या लोकांना कॅलिफोर्नियात सांता अनिताच्या रेसकोर्सवर, घोड्यांच्या तबेल्यांतच ठेवलं होतं. एका खणात एक कुटुंब.

माडाखाली:
सहजच हो. अंगावर काटा आला.

अनुस्वार:
कोंडवाडा गुरांचाच. माणसांना तो शब्द वापरणं म्हणजे त्यांचा पुन्हा अपमान.

मधली_सुट्टी:
अपमानावरून आठवलं. तो लेफ्टनंट त्यांना सारखा ‘जॅप’ म्हणतो आणि वरचे लोक त्याला सुधारतात. मी ‘जपानी’ लिहिलं तर सुधारायचं काय तेच कळत नाही. ‘जपान्या’ करून बघितलं, तर ते गण्या, बाळ्यासारखं लाडाचं वाटतं.

बखरखोर:
इंग्रज माणूस शब्द तोडून अपमान करतो, आपण शेपूट लावून. कारकून, कारकुंडा. म्हातारा, म्हातारडा. मास्तर, मास्तरडा. त्या हिशेबाने ‘जपडा’. ऐकताच ओठ वाकडा होतो की नाही बघा.

नाना_वडूजकर:
‘जपडा’ शंभर टक्के. बराकीत चाललं असतं.

माडाखाली:
यांच्यातल्या यांच्यातही नावं ठेवायचे ना? हवाईची पोरं मुख्य भूमीवरच्यांना ‘कोटाँक’ म्हणायची. मारामारीत डोकं जमिनीवर आपटलं की रिकाम्या नारळासारखा आवाज येतो म्हणून. माडाखाली आयुष्य गेल्याने अधिकारवाणीने सांगतो, आवाज बरोबर पकडलाय. सोडणासकट नारळ पडला तर ‘धप्प’, सोललेला कोरडा पडला तर ‘टॉंक’. आपल्याकडे मुंबईवाले ‘घाटी’ म्हणतात त्यातलाच प्रकार.

नाना_वडूजकर:
‘घाटी’ शब्दावर मी दोन हात केलेत, मुंबईच्या लोकलमध्ये.

एडिसनकर:
त्यांचं भांडण कशाने मिटलं ते सांगते. मिसिसिपीतल्या कॅम्प शेल्बीत दोन्हीकडची पोरं एकमेकांना बडवत होती. मग हवाईच्या काही पोरांना आर्कान्सामधल्या जेरोम आणि रोहर इथे पाहुणे म्हणून नेलं. त्यांना वाटलं, एखादं गाव असेल. बघतात तर तारा, पहारेकरी, आणि आत कोटाँकांचे आईबाप. परतीच्या बसमध्ये कोणी गायलं नाही की बोललं नाही, असं डॅनियल इनौये सांगायचे. तेही त्यातलेच, पुढे इटलीत हात गमावला आणि सिनेटर झाले.

मधली_सुट्टी:
हे सगळं फार सुंदर आहे, पण रविवारी खेळ आहे हो! शीर्षक?

बखरखोर:
तुमचा मुलगा जिंकला. ‘होऊ दे खर्च’. अनुस्वार रागावतील, पण आधी ऐका. आपल्या बखरींत लढाईत माणसं ‘खर्ची पडतात’. पानिपतची बातमी सावकारी भाषेत आली म्हणतात: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. रणावर पैशाची भाषा मराठीला नवी नाही. आता यांचा हिशेब बघा. ऑक्टोबर 1944, फ्रान्समधला व्होझचा डोंगराळ जंगलभाग. टेक्सासची एक पलटण वेढ्यात अडकली. 442 ने तिथले 211 जण सोडवून आणले. त्यापायी स्वतःचे 800 च्या आसपास मेले किंवा जखमी झाले. याला दुसरं काय म्हणाल?

अनुस्वार:
रागावलो नाही, पण तुमचाच पुरावा तुमच्या विरुद्ध आहे. ‘खर्ची पडले’ हे हिशेब लिहिणारा म्हणतो, खर्ची पडणारा नाही. त्या जंगलात शिपायांना खर्च करायचं ठरवलं ते जनरलने. फासे टाकणारा स्वतःच्या खिशातलं लावतो, ‘गो फॉर ब्रोक’ तो म्हणतो. ‘होऊ दे खर्च’ मात्र बऱ्याचदा ज्याचा पैसा नाही तोच ओरडतो. वरातीतही वधूपित्याला विचारून बघा.

नाना_वडूजकर:
अनुस्वार, आज पहिल्यांदा तुमचं पटलं. पण ‘सर्वस्व पणाला’ अजूनही धावताना म्हणता येत नाही.

माडाखाली:
‘ब्रोक’ म्हणजे कफल्लक ना? मग ‘कफल्लक होईस्तोवर!’

अनुस्वार:
त्यापेक्षा ‘दिवाळं निघेस्तोवर’. दिवाळं हा देशी शब्द आहे. बुडालेला व्यापारी दुकानापुढे भर दिवसा दिवा लावून ठेवायचा, म्हणजे देणेकऱ्यांनी समजून घ्यायचं. त्यावरून दिवाळं.

बखरखोर:
देणेकऱ्यांनी नाही, घेणेकऱ्यांनी. आणि ही दिव्याची गोष्ट मला शब्दावरून मागाहून रचलेली वाटते. दिवसा दिवा लावण्याइतकं तेल त्याच्याकडे उरलं कुठून?

मधली_सुट्टी:
शीर्षक सध्या ‘गो फॉर ब्रोक’ असंच ठेवलंय, पोराने खाली फाशांचं चित्र टाकलंय. ‘जपडा’ घेतला. ‘कोंडवाडा’ एकाच ठिकाणी, पत्र वाचतानाच्या पाटीवर. सासरे म्हणाले बरोबर आहे. ते आणीबाणीत आत होते, हे मला या धाग्यामुळे आज कळलं.

अनुस्वार:
बखरखोर, घेणेकरी बरोबर, चुकलो. पण तेल उधारीचं असणार.