दोन वर्षांचा पोस्टडॉक: निवड कशी करावी आणि काम कसं आखावं?

अवकलक
संख्याशास्त्र आणि उपयोजित गणित या दोन विभागांनी मिळून दोन वर्षांची पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधनाची, एक जागा भरायची आहे. विषय व्यस्त समस्यांच्या (इन्व्हर्स प्रॉब्लेम्स: मोजलेल्या परिणामांवरून मूळ कारण शोधणं) बायेसियन पद्धती, म्हणजे आधीचा अंदाज डेटानुसार संभाव्यतेच्या भाषेत सुधारत जाणं. मार्गदर्शक दोन, प्रत्येक विभागातला एक. जाहिरात कधी काढावी, अर्जासोबत काय मागवावं, मुलाखतीत नेमकं काय तपासावं? आणि अशा सामाईक जागेवरचा माणूस दोन्हीकडचं कोड लिहिण्यातच संपून जातो, ते कसं टाळावं?

मध्यका
आधी वेळेचं बघा. अमेरिकेतल्या गणित विभागांच्या बहुतेक जागा सप्टेंबर-ऑक्टोबरात मॅथजॉब्स या गणिताच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर येतात आणि अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरात बंद होतात. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचा एक सामाईक करारही आहे: त्यात सामील झालेले विभाग फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत उमेदवाराकडून उत्तराची सक्ती करत नाहीत. युरोपात प्रकल्पाच्या पैशांवरच्या जागा वर्षभर निघतात. तुमचे उमेदवार दोन्हीकडे अर्ज करणार हे धरून चाला. तीन दिवसांत होकार मागितलात तर चांगला माणूस एक तर नाही म्हणेल, नाहीतर हो म्हणून नंतर सोडेल.

जाहिरातीत ‘डेटा सायन्स’ असलं मोघम लिहू नका, खरी समस्या दोन वाक्यांत लिहा. दुसरं वर्ष नक्की आहे की पहिल्या वर्षाच्या कामावर अवलंबून, किती तास शिकवावं लागेल, प्रवासाला वेगळे पैसे आहेत का, स्वतःच्या संशोधनाला किती वेळ, हे सगळं स्पष्ट हवं. आवश्यक कौशल्यं तीनच ठेवा. बारा लिहिली की संकोची पण लायक माणसं अर्जच करत नाहीत.

अर्जासोबत संशोधनाची दोन पानं, एक पेपर किंवा प्रबंधाचं एक प्रकरण, आणि त्यात स्वतःचा वाटा कोणता याची अर्ध्या पानाची नोंद मागवा. निवडीत सगळ्यात उपयोगी पडते ती ही नोंद. शिफारसपत्रं छाननीनंतर मागवली तरी चालतं.

अर्धांतर
मुलाखतीबद्दल. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा आणि आपसात बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण लिहून ठेवा. नाहीतर पहिला जो बोलतो त्याचंच मत ठरतं. उद्धरणांचे आकडे (पेपरचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला ते) तर बाजूलाच ठेवा, दोन्ही क्षेत्रांत पेपर निघण्याचा वेग आणि सवयी वेगळ्या आहेत.

उमेदवाराच्या स्वतःच्या पेपरवरच प्रश्न विचारा. प्रमेयातली कोणती अट काढली की निष्कर्ष कोसळतो? सिम्युलेशनमध्ये 95 टक्के विश्वासांतराची व्याप्ती, म्हणजे खरी किंमत त्या अंतरात किती वेळा सापडते ते प्रमाण, 94 टक्के आली, तर ती खरंच कमी आहे का? 1000 पुनरावृत्ती असतील तर त्या आकड्याची प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार) साधारण 0.7 टक्का असते, म्हणजे तेवढ्या फरकावरून काहीच ठरत नाही. हे ज्याला पटकन दिसतं त्याने सिम्युलेशन स्वतः, समजून केलेलं असतं.

उपयोजित गणिताकडून आलेल्याला विचारा: कृत्रिम डेटा ज्या ग्रिडवर (गणनेसाठी घेतलेल्या बिंदूंच्या जाळीवर) तयार केला त्याच ग्रिडवर उकल काढली का? तसं केलं की उकल खोटी चांगली दिसते. ‘इन्व्हर्स क्राइम’ म्हणतात ते हेच. चूक झालेली असली तरी हरकत नाही, ती दाखवल्यावर माणूस काय करतो ते बघा.

सहचल
पुढचं काम उलट्या बाजूने आखा. सप्टेंबरात रुजू झालेला माणूस पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुढच्या नोकरीचे अर्ज भरत असतो. म्हणजे दोन वर्षांतले हातात राहतात जेमतेम तेरा-चौदा महिने. त्यात या क्षेत्रांतल्या जर्नलचा पहिला निर्णय यायलाच अनेक महिने, कधी वर्षही लागतं. म्हणून पहिला नवा पेपर आठ-नऊ महिन्यांत आर्काइव्हवर (arXiv, छापण्याआधीचे पेपर खुले ठेवणारं संकेतस्थळ) जायला हवा.

त्यासाठी रुजू होतानाच तीन समस्या ठरवा: एक चार-सहा महिन्यांत नक्की पुरी होणारी, एक प्रकल्पाची मुख्य, एक पूर्णपणे त्याची स्वतःची. सुरुवातीचे काही महिने प्रबंधातले राहिलेले पेपर संपवायला आठवड्यातला एक दिवस उघडपणे द्या. नाही दिलात तर तो रात्री करेल आणि दोन्हीकडचं काम मागे पडेल.

कोडात अडकण्याचं मूळ बहुधा हे असतं, की दोन मार्गदर्शक वेगवेगळं भेटतात आणि दोघेही ‘एवढं चालवून बघ’ म्हणतात. दर पंधरा दिवसांनी तिघांची एकत्र बैठक ठेवा आणि नवं काम तिथेच ठरवा. एरवी आठवड्याला एक तास, मुद्दे पोस्टडॉकने आदल्या दिवशी पाठवायचे. दर तीन महिन्यांनी एक बैठक फक्त पुढच्या नोकरीबद्दल, त्यात गणित काढायचं नाही.

लेखकांचा क्रम पहिला मसुदा लिहिण्याआधीच ठरवा. गणितात नावं आडनावांच्या आद्याक्षरांनुसार लावतात, संख्याशास्त्रात पुष्कळदा योगदानानुसार. आडनाव वर्णक्रमात शेवटी येणाऱ्याने पेपर आद्याक्षरक्रमाने छापला, की संख्याशास्त्राची निवड समिती त्याचा वाटा सर्वांत कमी समजते. तळटीपेत क्रमाचा खुलासा करा, शिफारसपत्रातही लिहा.

अवकलक
‘नक्की पुरी होणारी’ समस्याच अडली तर?

सहचल
चौथ्या महिन्याच्या शेवटी थांबून निर्णय घ्या. मुख्य लेमा (प्रमेयाच्या सिद्धतेला लागणारा सहायक निकाल) तोवर उभा राहिला नसेल तर विशेष प्रकरणापुरता निकाल आणि व्यवस्थित सिम्युलेशन यावर पेपर लिहायला घ्या, सर्वसाधारण निकाल नंतर.

मध्यका
एक राहिलं. जाताना कोणती समस्या तो सोबत नेणार आणि तिच्यावर तुम्ही काम करणार नाही, हे पहिल्याच महिन्यात लिहून द्या. तिसरं शिफारसपत्र बाहेरच्या माणसाचं लागतं, म्हणून पहिल्या वर्षातच त्याला दोन-तीन ठिकाणी व्याख्यानाला पाठवा. शिकवणं असेल तर कुणीतरी वर्गात बसून त्याबद्दल पत्र द्यावं. अमेरिकेतल्या बऱ्याच गणित विभागांना तेही लागतं आणि नेमकं अर्जाच्या आठवड्यात ते कुणाकडे नसतं.