वीस दिवस संशोधन जहाजावर जातोय, सल्ला हवा

सड्यावरचा (सातारा): मंडळी, बारा वर्षं कासच्या सड्यावर वनस्पतींच्या नोंदी करतोय. समुद्र पाहिलाय तो गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरूनच. फेब्रुवारीत कोचीहून सुटणाऱ्या संशोधन जहाजावर जायची संधी आलीय. काम प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे) नमुने घ्यायचं, उरलेल्या वेळात पक्षी. काळजी अशी की महाबळेश्वरच्या घाटात मला गाडी हमखास लागते, आणि नमुना टिकवणं म्हणजे रद्दीत दाबून वाळवणं, एवढंच येतं.

कृष्णाकाठ (सांगली): दादा, बोट लागते म्हणून संधी सोडू नका. डार्विनला १८३१ ते १८३६ बीगल जहाजाच्या सगळ्या सफरीत बोट लागत होती. डॉक्टरांना विचारून गोळी जहाज सुटण्याआधीच घ्या. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात ठरत नाही. उपाशी राहू नका. केबिन मधली, खालच्या मजल्यावरची मिळाली तर मागून घ्या, तिथे हेलकावे कमी. मी आलेपाक नेला होता, तिसऱ्या दिवसापासून नीट जेवले.

भरती_ओहोटी: नमुन्यांचं सांगतो. जाळं वर आलं की नमुन्याचे दोन भाग करा. एक समुद्राच्याच पाण्यात केलेल्या चार टक्के फॉर्मॅलिनमध्ये, आकार-रचना बघायला. त्यात बोरॅक्स घालाच, नाहीतर फॉर्मॅलिनमधल्या आम्लामुळे बारीक गोगलगायींची कवचं विरघळतात. दुसरा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो. लेबल पेन्सिलीनं लिहा आणि बाटलीच्या आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये पसरते, बाहेरची चिठ्ठी ओली होऊन गळते. अक्षांश-रेखांश, वेळ, खोली, सगळं तिथल्या तिथे लिहा. कासला राहिलेली नोंद दुसऱ्या दिवशी जाऊन करता येते, इथे जहाज केव्हाच पुढे गेलेलं असतं.

आणि जहाज अरबी समुद्रात उत्तरेकडे जाणार असेल तर हिरव्या पाण्यावर लक्ष ठेवा. हिवाळ्यात तिथे नॉक्टिल्युका नावाचा प्लवक भरमसाट वाढतो. पेशी एकच, पण तिच्या आत हिरवी शैवालं राहतात. वनस्पतीवाल्यानं सूक्ष्मदर्शकाखाली बघावंच असं.

कृष्णाकाठ (सांगली): दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी) न्या. १०× डुलत्या डेकवर स्थिर राहत नाही. ओल शोषणारं सिलिका जेलही घ्या, पण लेन्सवरची बुरशी तुम्हा सातारकरांना काय सांगायची!

सड्यावरचा (सातारा): बोरॅक्स माझ्या डोक्यातच नव्हता. मनापासून आभार, ताई आणि दादा. लेबलांना ट्रेसिंग पेपर चालेल?

भरती_ओहोटी: चालेल, जाड घ्या. निघण्याआधीच कापून ठेवा, डेकवर वारा कागद हातात राहू देत नाही.